दाजींचं अजून झालं नाही

आमच्या दाजींना त्यांच्या कामावरचे लोक ‘तळमजला’ म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकलेली असो की अकराव्या, हे गृहस्थ हत्यारांची पेटी घेऊन आधी खालच्या खड्ड्यात उतरणार आणि तिथून एकेक मजला बघत वर जाणार. आत अडकलेला माणूस दार बडवतोय, बाहेर इमारतीचा व्यवस्थापक घामाघूम झालाय, आणि दाजी शांतपणे म्हणतायत, “खालून सुरू करू.” ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ते बघायला आले होते तेव्हा तासाभरात चार वाक्यं बोलले. ते गेल्यावर आईने विचारलं, “कसा वाटला मुलगा?” ताई म्हणाली, “येईल हळूहळू वरपर्यंत. वेळ लागेल.”

दाजींचा एक नियम होता. खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विचचा फ्यूज काढायचा, आणि तो स्वतःच्या खिशात न ठेवता वर उभ्या असलेल्या भरवशाच्या माणसाच्या हातात द्यायचा. खिशातली वस्तू माणूस विसरतो, हातातली विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत उतरलेला माणूस स्वतः मागेल तेव्हाच वरच्याने ती परत द्यायची. मध्ये साहेब येवो, कोणी कितीही ओरडो, द्यायची नाही. एकदा शेजारच्या टोळीत साहेबाने घाई केली. मदतनिसाच्या हातातून फ्यूज घेतला आणि लावला. आतल्या माणसाची दोन बोटं गेली. दाजींनी ते पाहिलं होतं. त्याबद्दल ते एवढंच सांगत, “त्याने मागितलं नव्हतं.”

हा नियम घरीही आला. पंखा उघडायचा असो की गिझर, फ्यूज ताईच्या हातात. ताई शाळेत भूगोल शिकवायची. वर्गातली चाळीस पोरं नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई, पण नवरा स्टुलावर चढला की मूठ आवळून ओट्यापाशी उभी राहायची आणि दुसऱ्या हाताने भाजी ढवळायची. थोड्या वेळाने विचारायची, “अहो, झालं का तुमचं? देऊ?” वरून उत्तर यायचं, “झालं. दे.” एकदा मला मिक्सर लावायचा होता. मी म्हटलं, “दे गं तो फ्यूज, दोन मिनिटांचं काम आहे.” ताई म्हणाली, “तू मागून काय उपयोग? वर ते आहेत.”

चार वर्षांपूर्वी ताईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव, मग शेजारीणच. आता तिला कधी मी ओळखू येते, कधी येत नाही. दाजी तर दिवसातून दोन-तीनदा अनोळखी होतात. सकाळी ती त्यांना दरडावते, “अहो, टॉवेल ओला का टाकलात पलंगावर?” आणि दुपारी त्याच पलंगावर बसून विचारते, “तुम्ही कोणाकडे आलात?” दाजी म्हणतात, “तुमच्याकडेच आलोय.” ती म्हणते, “बसा मग. हे येतीलच इतक्यात.”

सगळ्यात अवघड संध्याकाळ. साडेपाच वाजले की ताई उठते, पायांत चपला अडकवते आणि म्हणते, “चला, आता घरी जाऊया. किती वेळ लोकांकडे बसायचं?” ती ज्या खोलीत उभी असते ते घर तिचंच, पडदे तिनेच शिवलेले. सांगून काही होत नाही. समजावलं की ती घाबरते, आणि घाबरली की दार ठोठावते.

यावर तोड दाजींना सापडली ती त्यांच्या जुन्या गाडीत. गाडी हायब्रिड, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी विजेवर चालणारी. अकरा वर्षांची. हळू चालवली की तिचा आवाजच येत नाही. दाजी ताईला मागच्या सीटवर बसवायचे, तिची लोकर तिच्या मांडीवर द्यायचे आणि गाडी काढायचे. पोस्टावरून, पाण्याच्या टाकीवरून, बंद पडलेल्या थिएटरला वळसा घालून पंचवीस मिनिटांनी परत त्याच दारात. मग मागे वळून म्हणायचे, “आलं घर.” ताई उतरायची, दाराकडे बघायची, आणि तिचा चेहरा असा सुटायचा की काय सांगू! “आलं बाई एकदाचं,” म्हणत आत जायची आणि स्वतः दिवे लावायची. दोन वर्षं, एक संध्याकाळ न चुकवता, त्या माणसाने आपल्या बायकोला घरी आणलं.

आणि एका मंगळवारी गाडी रस्त्यातच बसली. समोर लाल त्रिकोण पेटला, मागे पंख्याची घरघर सुरू झाली आणि गाडी पुढे सरकेना. ढकलत आणली. वर्कशॉपमधल्या टापटीप माणसाने कॉम्प्युटर लावून निदान केलं की मागची मोठी बॅटरी संपली. “साहेब, इतक्या जुन्या गाडीत आता कोणी नवी घालत नाही. मागवायची म्हटलं तर पाच आठवडे. त्यापेक्षा ही आम्हाला देऊन टाका.”

“पाच आठवडे,” दाजी म्हणाले. “आणि रोज संध्याकाळी काय करू?”

त्या माणसाला प्रश्न कळलाच नाही. कळणार कसा?

टॅक्सी करून पाहिली. पुढे परक्या माणसाची मान दिसली आणि ताई सिग्नलला दार उघडून उतरायला निघाली. आमच्या ह्यांनी आमची गाडी काढली. तिची धडधड ऐकून ताई सबंध रस्ता काचेवर हात आपटत राहिली. ह्यांचा चेहरा परत आल्यावर बघवेना. परदेशातल्या भाचीचा फोन आला, “बाबा, विका ती गाडी, आणि आईला ठेवण्याच्या जागेचा विचार करा आता.” दाजी तिला म्हणाले, “बरं.” फोन ठेवला, आणि शोधून शोधून एक माणूस काढला जो चार दिवसांत बॅटरी घरपोच देत होता. लावून देत नव्हता. लावायची ज्याची त्याने.

“दाजी, शॉक बसेल हो,” मी म्हटलं.

“दोनशे व्होल्ट,” ते म्हणाले. “बसला तर बसल्याचं कळायचंसुद्धा नाही.” हा त्यांचा विनोद.

बॅटरी आली ती पत्र्याच्या लांबट पेटीत. दोन माणसांनी टेम्पोतून उतरवली आणि फाटकात ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले. दाजींनी शेडमध्ये जुनी चादर अंथरली होती, त्यावर नट सोडवायचे पाने ओळीने मांडले होते. जाड रबरी हातमोज्यांची मनगटं गुंडाळून, आत हवा कोंडून, कुठे गळतायत का ते गालाशी धरून पाहिलं. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून ताईला बसवलं होतं. ती करड्या लोकरीचा गुंडा सोडवत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. विणायचं ती विसरली आहे. गुंडाळायचं हातांना अजून येतं.

आधी गाडीतल्या दुसऱ्या, लहान बॅटरीची तार सोडवली. मग दाजींनी डिकीत हात घालून एक केशरी प्लग ओढून काढला. मुठीत मावेल एवढा, दांडा असलेला. तो काढला की मोठ्या बॅटरीचा प्रवाह मधोमध तुटतो. तो असल्याशिवाय गाडी काही केल्या सुरू होत नाही. हे त्यांनी मला नीट समजावलं. आणि समजावता समजावता दोन पावलं चालून गेले आणि तो प्लग ताईच्या हातात दिला.

चौतीस वर्षांची सवय ती. त्यांनी विचार केला नाही, मीही केला नाही. उलट मला बरं वाटलं, कारण ताईने मूठ मिटली आणि क्षणभर ती ओट्यापाशी उभी असलेली बाई झाली.

“मागाल तेव्हा देईन,” ती म्हणाली.

“तेव्हाच दे,” दाजी म्हणाले.

मग दहा मिनिटं थांबायचं होतं, आत साठलेली वीज उतरेपर्यंत. आम्ही पायरीवर बसून चहा घेतला. नंतर दाजींनी मागची सीट काढली, प्लास्टिकचे भाग काढले, मीटर लावून पाहिलं आणि एकेक नट सोडवायला लागले. “धाकटे, हे धर. धाकटे, हे इथेच ठेव, हलवू नकोस.” सगळं ओळीने, जसं निघेल तसं.

सीटच्या बाजूला एक जाळी होती. बॅटरीला गार ठेवणारा पंखा तिथून हवा ओढतो. दाजींनी जाळी काढली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात करड्या लोकरीचा बोळा होता. मग आणखी एक. मग निळी, मग पांढरी, ताईने जुना स्वेटर उसवला होता तेव्हाची. दोन वर्षं रोज संध्याकाळी पंचवीस मिनिटं मागच्या सीटवर जे काही सुटलं, उडलं, ते सगळं त्या पंख्याने गिळलं होतं. हवाच मिळाली नाही बॅटरीला. शिजून गेली बिचारी.

दाजींनी दाराकडे पाहिलं. ताई गुंडाळत होती. त्यांनी ते बोळे पँटच्या खिशात कोंबले आणि म्हणाले, “फार जुनी गाडी झाली.”

मी पुढचा पाना त्यांच्या हातात दिला.

जुनी पेटी बाहेर काढताना आमचं कंबरडं मोडायची वेळ आली. नवी आत सरकवताना माझं बोट चेंगरलं. “ओरड की,” दाजी म्हणाले, “मी कोणाला सांगणार नाही.” दुपारी तीनच्या सुमाराला शेवटचा नट बसला. जाळी त्यांनी ब्रशने घासून लावली आणि तिच्यावर बारीक कापड ताणून बसवलं. हात पुसले, शेडच्या दाराशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “झालं. दे.”

ताईने वर पाहिलं. आधी त्यांच्या बुटांकडे, मग हातांकडे, मग तोंडाकडे.

“काय देऊ?”

“ते केशरी. मघाशी दिलं होतं ना तुझ्याकडे.”

“तुम्ही नाही दिलं,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांनी दिलंय.”

“अगं, मीच तो.”

ती हसली. शाळेत थाप मारणाऱ्या पोराकडे बघून हसायची ना, तशी. “ते आत काम करतायत. त्यांचं झालं की ते मागतील. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

तिच्या हातात प्लग नव्हता. खुर्चीखाली नव्हता, स्वेटरच्या खिशात नव्हता. मी मांडीवरचा गुंडा उचलायला गेले तर तिने तो छातीशी धरला आणि मला जाणवलं की लोकरीच्या मानाने तो फार जड आहे. तिने प्लग मधोमध ठेवून त्याच्यावर लोकर गुंडाळली होती. सकाळपासून.

“ताई, मी आहे. धाकटी. दे मला.”

“तू मागून काय उपयोग?” ताई म्हणाली.

दाजी पायरीवर बसले. मी हळूच म्हटलं, “झोपली की काढून घेते मी.”

“नाही.” इतका वरचा आवाज मी त्यांचा पहिल्यांदा ऐकला. मग खालच्या आवाजात, “ती राखतेय. ज्याच्या हातात दिलं त्याच्याकडून ओढून घ्यायचं नसतं. ओळखेल ती. दिवसातून दोनदा तरी ओळखते.”

त्या संध्याकाळी साडेपाचला ताईने चपला घातल्या. दाजींनी तिला पायी फिरवलं. पोस्टापर्यंत गेली आणि दमून रस्त्याच्या कडेला बसली. परत आणताना दोघांना धरावं लागलं. दार पाहून म्हणाली, “हे तर मघाचंच,” आणि आत यायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओळखलं. “अहो, चहा गार होतोय,” म्हणाली. दाजी चहा टाकून धावले, “झालं माझं, दे आता.” पण तेव्हा तिला प्लग आठवेना. “काय देऊ? काय झालं तुमचं?” तिला माणूस आठवायचा तेव्हा वस्तू नाही, आणि वस्तू आठवायची तेव्हा माणूस नाही. दुपारी दाजींनी दाढी केली, कपाटातून कामावरचा जुना खाकी शर्ट काढून घातला, बटणं पोटावर लागेनात तरी लावली, आणि तिच्यासमोर उभे राहिले. ताईने शर्ट बरोबर ओळखला. “तुम्ही ह्यांच्या कामावरचे ना? बरं झालं आलात. सांगा त्यांना, मी नीट सांभाळलंय. काळजी करू नका म्हणावं.”

“सांगतो,” दाजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बॅटरीवाल्याला फोन केला. प्लग नव्या बॅटरीबरोबर येत नाही, जुनाच लावायचा. एका भंगारवाल्याने तसा दुसरा प्लग बघतो म्हणून सांगितलं, तो अजून बघतोच आहे. शेडमध्ये गाडी नवी बॅटरी पोटात घेऊन उभी, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती. मला तर रडावं की हसावं कळेना.

तिसऱ्या संध्याकाळी दाजी न्हाणीघरात असताना ताई एकटीच निघाली. फाटकाबाहेरच्या उतारावर पडली. गुडघा सोलवटला, कपाळ आपटलं. उचलायला गेलेल्या दाजींना ती ढकलत होती आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणत होती, “मला माझ्या घरी जाऊ द्या हो. काय वाईट केलंय मी तुमचं?” एका हाताने ढकलत होती. दुसऱ्या हातात गुंडा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली तेव्हा मी तिच्या बोटांतून गुंडा सोडवला. दाजी शेडमध्ये होते. मी न्हाणीघराची कडी लावून घेतली आणि लोकर उलगडायला बसले. संपता संपेना. प्लग निघाला. आता आत काय घालू? तेवढंच जड काहीतरी पाहिजे. हाताशी साबणाची वडी होती. ती मधोमध ठेवली आणि भराभरा गुंडाळलं, तिच्यासारखंच, आडवं मग उभं. परत नेऊन तिच्या हातात ठेवलं तेव्हा माझ्या हाताला साबणाचा वास येत होता आणि मला माझीच शिसारी आली होती.

प्लग नेऊन चादरीवर, पान्यांच्या ओळीत ठेवला. दाजींनी पाहिला. बराच वेळ उचलला नाही.

“तिच्याकडे काय आहे आता?”

“साबणाची वडी.”

“नवी?”

“वापरलेली.”

त्यांनी मान हलवली. हातमोजे घातले, प्लग आत बसवला, लहान बॅटरीची तार जोडली, आणि पुढे जाऊन बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. परत मागे येऊन डिकीत वाकले. मग त्यांच्या लक्षात आलं. प्लग बसवल्यावर दांडा वर उचलून शेवटी खाली सरकवायचा असतो, ते राहिलं होतं. “विसरलो,” ते म्हणाले. दांडा खाली सरकला, ‘टक’ झालं. पुढे हिरवा दिवा लागला. गाडीचा आवाज मात्र शून्य.

संध्याकाळी पोस्ट, टाकी, थिएटर. मी पुढे बसले होते. मागे ताई गुंडा नाकाशी धरून म्हणाली, “या लोकरीला छान वास येतो गं.” पंचवीस मिनिटांनी दाजी वळले. “आलं घर.” ताई उतरली, दाराकडे पाहिलं. “आलं बाई एकदाचं.” आत गेली. दिवे लागले. दाजी मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले होते.

तेव्हापासून ताई तो गुंडा कोणाला शिवू देत नाही. उशाखाली घेऊन झोपते, मानेने दाबून. आंघोळीला नेली तरी हातात. मी खरा फ्यूज आणून ठेवला आहे, आत साबणाच्या जागी घालायला. संधी अजून मिळालेली नाही.

परवा दुपारी मी गेले तेव्हा दाजी स्टुलावर चढून पडद्याची दांडी घट्ट करत होते. मी स्टूल धरलं होतं. ताई खुर्चीत होती. ती उठली, स्टुलापाशी येऊन उभी राहिली आणि वर बघून, अगदी ओट्यापाशी उभी राहिल्यासारखी, म्हणाली, “अहो, झालं का तुमचं? देऊ?”

माणूसही आठवला होता आणि वस्तूही. दोन्ही एकाच वेळी. एका हाताने तिने गुंडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने लोकरीचं टोक शोधत होती, उलगडायला.

दांडीचा स्क्रू केव्हाच बसला होता. मला खालून दिसत होतं. दाजींनी पुन्हा त्याच्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि फिरवायला लागले.

“नाही गं. अजून नाही झालं. ठेव तुझ्याजवळ.”

“किती वेळ लावता हो!” ताई म्हणाली. “अजून तळमजल्यावरच का?”

“हो,” दाजी म्हणाले. “अजून तिथेच.”

ती खुदकन हसली, टोक पुन्हा आत खोवलं आणि गुंडा मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. दाजी वरच उभे होते. स्टुलाचे पाय थरथरत होते, मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.